खासगी रेल्वे, सरकारी हमी: प्रपोजल लिहिण्याआधी विचारायचे पाच प्रश्न



मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये चहाच्या वेळी जोरदार वाद झाला. सुरुवात फेलोशिपचे पैसे तीन महिने का आले नाहीत इथून झाली आणि दहा मिनिटांत गाडी 'सरकारी की खासगी' या नेहमीच्या रुळावर आली. एक मित्र म्हणाला, "ब्रिटिशांच्या काळात रेल्वे खासगी कंपन्यांनी बांधली. सात वर्षांत भोर घाट फोडला! आज सरकारला जमेल का?" यावर दुसरी म्हणाली, "त्याच कंपन्यांनी देश लुटला. सरकारने ताब्यात घेतली म्हणून रेल्वे सामान्य माणसाची झाली."

दोघंही पीएचडी करतायत. एरर बार नसलेला ग्राफ दिसला तर दोघंही नाक मुरडतात. पण इथे दोघांनी एकच उदाहरण घेतलं, दोन उलट निष्कर्ष काढले आणि ती रेल्वे खरंच 'खासगी' होती का, हे कुणीच तपासलं नाही. खरं सांगायचं तर मीही तेव्हा गप्पच होतो, कारण मलाही माहीत नव्हतं. नंतर वाचत गेलो. जे सापडलं ते रेल्वेबद्दल तर आहेच, पण तुमच्यापैकी जे आता पेट देतायत, इंटरव्ह्यूसाठी रिसर्च प्रपोजल लिहितायत, त्यांच्या जास्त कामाचं आहे. म्हणून हा लेख.

आधी माझी एक चूक

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, मटेरियल्समध्ये काम करतो. पहिल्या वर्षी मी दोन कॅटॅलिस्टची तुलना केली. एक आम्ही लॅबमध्ये तयार केलेला, दुसरा बाजारातून विकत आणलेला. आमचा सरस ठरला. मी खूश होऊन स्लाइड्स केल्या. गाईडनी एकच प्रश्न विचारला: "दोन्हीच्या कणांचा आकार सारखा आहे का?" नव्हता. म्हणजे फरक बनवण्याच्या पद्धतीमुळे पडला की कणांच्या आकारामुळे, हे मला सांगताच येत नव्हतं. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

त्या दिवशी शिकलेली गोष्ट अशी: दोन बाटल्यांवर दोन वेगळी लेबलं असली म्हणजे त्यांच्यात एकच गोष्ट वेगळी आहे असं नसतं. 'सरकारी' आणि 'खासगी' ही अशीच दोन लेबलं आहेत. आता बाटली उघडून बघू.

१८४९ चा करार

१६ एप्रिल १८५३ ही तारीख शाळेपासून पाठ असते. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. ती गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी या लंडनच्या कंपनीची होती. मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी मंडळी १८४० च्या दशकापासून रेल्वेच्या खटपटीत होती. इथपर्यंतची गोष्ट खासगी उद्योगाचीच वाटते.

पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची तारीख चार वर्षं आधीची आहे, १७ ऑगस्ट १८४९. त्या दिवशी कंपनीने करार केला. करायला लागला, कारण पैसा उभा राहत नव्हता. ब्रिटनमध्ये रेल्वे शेअर्सचा फुगा फुटला होता, १८४७ चं आर्थिक संकट ताजं होतं आणि हजारो मैल दूरच्या, एकही मैल रूळ नसलेल्या देशात पैसे घालायला गुंतवणूकदार तयार नव्हते. म्हणून सरकारने हमी दिली. करारातली मुख्य कलमं साध्या भाषेत अशी:

- भांडवलावर वर्षाला ५ टक्के व्याजाची हमी. कंपनीची कमाई त्याहून कमी पडली तर उरलेली रक्कम सरकार देणार.
- लोहमार्गासाठी लागणारी जमीन ९९ वर्षांसाठी फुकट.
- कमाई ५ टक्क्यांहून जास्त झाली तर वरची अर्धी रक्कम सरकारने आधी भरलेलं व्याज फेडायला आणि अर्धी भागधारकांना.
- धंदा नको झाला तर कंपनी सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या हवाली करू शकते आणि घातलेलं भांडवल परत मागू शकते.
- सरकार २५ किंवा ५० वर्षांनी, शेअर्सच्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी बाजारभावाने रेल्वे विकत घेऊ शकतं.
- मार्ग, खर्च आणि भाडं यांवर सरकारची देखरेख.

आता एक छोटं गणित करा. तुम्ही १०० पौंड घातले. रेल्वेने ३ पौंड मिळवले तर सरकार २ घालतं, तुम्हाला ५ मिळतात. रेल्वेने शून्य मिळवलं तरी तुम्हाला ५ मिळतात. ७ मिळवले तर तुम्हाला किमान ६. म्हणजे खाली फरशी आहे, वर छत नाही. नफ्यात वाटा आहे, पण तोट्यात नाही. इतिहासकार डॅनियल थॉर्नर यांनी या व्यवस्थेचं वर्णन 'सार्वजनिक जोखमीवर चाललेला खासगी उद्योग' असं केलं. मला याहून नेमकं वर्णन सापडलं नाही.

आणि गंमत बघा. या करारात 'सरकार' म्हणजे कोण? ईस्ट इंडिया कंपनी. राणीचं राज्य १८५८ मध्ये आलं. म्हणजे १८४९ मध्ये करार करणारे दोन्ही पक्ष कंपन्याच होत्या. फरक इतकाच, की त्यातल्या एका कंपनीला शेतसारा वसूल करायचा अधिकार होता. हमीच्या मागे उभा होता तो हा शेतसारा.

जमीन कुणाची होती?

मुक्त उद्योगाची बाजू मांडताना पहिला दाखला खासगी मालमत्तेचा दिला जातो. माझी जमीन माझी, ती मी विकेन तर विकेन. तत्त्व म्हणून यात चूक काही नाही. पण आपल्या 'खासगी' रेल्वेखाली आलेली शेतं, आंबे-चिंचांची झाडं, घरं ही कुणाची तरी खासगी मालमत्ता होती. ती बाजारात सौदा करून घेतलेली नव्हती. सरकारने कायद्याच्या जोरावर घेतली आणि कंपनीला फुकट दिली. मोबदला दिला जायचा, पण मालकाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

१८५७ चा सहावा कायदा हा ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू झालेला भूसंपादनाचा पहिला कायदा. पुढे १८९४ चा प्रसिद्ध कायदा आला, जो आपल्याकडे २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत चालला. १८९४ च्या कायद्यात 'सार्वजनिक प्रयोजन' होतंच, शिवाय कंपन्यांसाठी जमीन घ्यायची वेगळी तरतूदही होती. धरणं, एमआयडीसी, हायवे यांच्यावरून महाराष्ट्रात झालेली भांडणं ज्यांनी जवळून पाहिलीत, त्यांना हा धागा कुठून आला ते कळेल.

म्हणजे एका खासगी मालकाचा हक्क भक्कम करण्यासाठी दुसऱ्या खासगी मालकाचा हक्क बाजूला सारला गेला. आमच्या चहाच्या वादात या दुसऱ्या मालकाचा उल्लेख एकदाही आला नव्हता.

भोर घाटात जोखीम कुणी घेतली?

आता माझ्या मित्राच्या भोर घाटाकडे येऊ. मुंबईहून पुण्याला गाडीने जाताना कर्जतला मागे बँकर इंजिन लागतं, ते का लागतं हे आपण विसरून जातो. सुमारे २५ किलोमीटरच्या टप्प्यात सुमारे ५५० मीटर चढ, काही ठिकाणी ३७ ला १. मूळ मार्गावर २५ बोगदे, ८ मोठे व्हायाडक्ट आणि गाडीची दिशा उलटवायचं एक रिव्हर्सिंग स्टेशन. काम १८५६ मध्ये सुरू झालं, १८६३ मध्ये घाट उघडला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. इंजिनिअरिंग म्हणून हे काम थक्क करणारंच आहे, त्यात शंका नको.

काम कंत्राटावर दिलं होतं. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. १८५९ च्या सुरुवातीला थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि थोड्याच दिवसांत त्याने कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हातात ठेवलं आणि तिच्या नावावर ते काम पार पडलं. ऐन भरात असताना घाटात ४० हजारांवर माणसं राबत होती. सुरुंग, दरडी, पावसाळा आणि कॉलरा यांत त्यातली किती मोठ्या संख्येने गेली, हे वाचताना पान उलटवत नाही.

आता जोखमीची यादी करू. लंडनच्या भागधारकाला ५ टक्के पक्के. कंत्राटदाराची जोखीम खरी, पण तो सोडून जाऊ शकत होता. करदात्याला सोडून जाता येत नव्हतं. आणि मजुराने तर जीवच लावला होता, ज्याला कसलीच हमी नव्हती. 'उद्योजक जोखीम घेतो म्हणून नफा त्याचा', हे वाक्य आपण सहज बोलतो. या उदाहरणात ते वाक्य लावायचं तर आधी उद्योजक नेमका कोण, हे शोधावं लागतं.

हमीचा परिणाम

ज्याला खर्च केला तरी ५ टक्के आणि वाचवला तरी किमान ५ टक्के, तो खर्च कशाला वाचवेल? लॉर्ड डलहौसीच्या काळात धरलेला अंदाज मैलाला साधारण ८ हजार पौंडांचा होता. प्रत्यक्षात हमीवाल्या रेल्वेंचा खर्च त्याच्या दुपटीवर गेला. विल्यम मॅसी हे हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य. १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तिचा आशय असा, की व्याजाची खात्री असल्यामुळे आपला पैसा विटा-चुन्यात गेला की हुगळी नदीत, याच्याशी इंग्लंडच्या भांडवलदाराला काही देणंघेणं नव्हतं. हे बोलणारा कुणी काँग्रेसवाला नव्हता. काँग्रेस तेव्हा जन्मलीही नव्हती.

भागधारकांत हिंदी माणसं किती? १८६० च्या दशकाच्या अखेरीस एक टक्काही नाहीत. व्याज पौंडात द्यायचं, कर रुपयात गोळा व्हायचा आणि १८७० नंतर रुपया घसरत गेला. म्हणजे तिजोरीवरचा भार आपोआप वाढत गेला. दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी यावर लिहिलंच, पण आपल्याकडचे गणेश व्यंकटेश जोशी यांचं नाव हल्ली फारसं घेतलं जात नाही. शाळामास्तरकीची नोकरी करणाऱ्या या माणसाने १८८० च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सरकारी आकडेच वापरून रेल्वेविस्ताराचा हिशेब मांडला. नोकरी सांभाळून रिसर्च होत नाही म्हणणाऱ्यांनी त्यांचं काम जरूर शोधावं.

आता दुसरी बाजू, कारण ती दाबली तर आपण प्रामाणिक राहत नाही. हमीशिवाय रेल्वे झाली असती का? १८६० च्या दशकात सरकारने पूर्ण हमीऐवजी मर्यादित अनुदान देऊन काही कंपन्यांना आणून बघितलं. इंडियन ब्रँच रेल्वे कंपनी त्यातली एक. जमलं नाही. पुढे त्या कंपनीला हमी द्यावी लागली आणि तीच अवध-रोहिलखंड रेल्वे झाली. म्हणजे 'हमी ही निव्वळ लूट होती' हेही सरळ सिद्ध होत नाही. पैसा हवा तर काहीतरी आश्वासन लागणारच होतं. प्रश्न होता तो आश्वासन कितीचं, किती वर्षं आणि खर्चावर लगाम कुणाचा.

कणांचा आकार, पुन्हा एकदा

व्हॉइसरॉय जॉन लॉरेन्स यांची तक्रार साधी होती: नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर सरकारचा, मग सरकारने स्वतःच का बांधू नये? सरकार तर कंपन्यांना देत होतं त्याहून कमी व्याजाने कर्ज उभारू शकत होतं. १८६९ मध्ये धोरण बदललं आणि सरकारने थेट बांधकाम हाती घेतलं. हे नवे मार्ग मैलामागे बरेच स्वस्त पडले.

'झालं सिद्ध! सरकार स्वस्तात बांधतं!' असं म्हणायला जाल तर माझी स्लाइड आठवा. सरकारने १८७० मध्ये मीटरगेज स्वीकारलं. रूळ अरुंद, इंजिन हलकं, वळणं जास्त घट्ट घेता येतात, म्हणजे कापाकापी कमी. शिवाय सगळ्यात अवघड घाट आधीच कंपन्यांच्या वाट्याला येऊन गेले होते. मग स्वस्ताई मालकीमुळे, गेजमुळे की जमिनीच्या चढउतारामुळे? साध्या तुलनेतून सांगता येत नाही. पुढे १८७० च्या दशकातले दुष्काळ आणि अफगाण युद्ध यांमुळे तिजोरी आटली आणि १८८० च्या आसपास सरकार पुन्हा कंपन्यांकडे वळलं, या वेळी कमी व्याजाच्या हमीवर. तत्त्वाचा विजय वगैरे काही नव्हता, हातात पैसे नव्हते.

मग तुलना करायची कशी?

इथे मला एक सुंदर काम सापडलं. डॅन बोगार्ट आणि लतिका चौधरी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १८७४ ते १९१२ या काळातल्या प्रमुख रेल्वेंचा डेटा घेऊन २०१२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रश्न असा: रेल्वे कंपनीच्या मालकीतून सरकारच्या मालकीत गेली की चालवण्याचा खर्च वाढतो की घटतो?

अडचण अशी असते, की सरकार सहसा कोणती कंपनी ताब्यात घेतं? आजारी. मग ताब्यात घेतल्यावर ती वाईट चालली तर दोष मालकीचा की आधीच्या आजाराचा? दवाखान्यात जाणारे लोक जास्त आजारी दिसतात म्हणून दवाखान्यामुळे आजार होतो म्हणणं, तसलाच हा प्रकार. यातून सुटायला त्या दोघांना १८४९ च्या करारातलं ते कोरडं कलम उपयोगी पडलं: २५ किंवा ५० वर्षांनी खरेदी. ताब्यात घ्यायची तारीख कित्येक दशकं आधी कागदावर ठरलेली होती. १८७९-८० मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे, १९०० मध्ये जीआयपी, १९०५ मध्ये बीबी अँड सीआय. या तारखा त्या वर्षी रेल्वे बरी चालली होती की वाईट, यावर ठरलेल्या नव्हत्या. म्हणजे ज्याला आपण नैसर्गिक प्रयोग म्हणतो, तो इतिहासाने आयता करून ठेवला होता.

निकाल? सरकारी मालकीनंतर चालवण्याचा खर्च कमी झाला. सरकारी म्हणजे उधळपट्टी, या आपल्या सवयीच्या समजुतीच्या उलट. एक कारण असं मांडलं जातं, की वसाहती सरकारच्या उत्पन्नात रेल्वेचा वाटा मोठा होता, त्यामुळे खर्चावर डोळा ठेवण्यात सरकारचं थेट हित होतं.

हे वाचून माझी मैत्रीण खूश झाली. तिलाही मी थांबवलं. एक, खर्च कमी म्हणजे सेवा चांगली असं नाही. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलं ते वाचा. डब्यात कोंबलेल्या माणसाला मालक कोण आहे याने काही फरक पडत नव्हता. दोन, ते सरकार मतदारांना उत्तर देणारं नव्हतं. त्याच्याबद्दलचा निष्कर्ष उचलून आजच्या एसटी महामंडळाला किंवा बीएसएनएलला लावता येणार नाही. तीन, मालकी बदलली तरी कारभार बऱ्याचदा कंपनीकडेच राहिला. जीआयपी १९०० मध्ये सरकारच्या मालकीची झाली, पण चालवत कंपनीच होती, थेट १९२५ पर्यंत.

आणखी एक काम इथेच सांगतो. डेव्ह डोनाल्डसन यांनी रेल्वेमुळे जिल्ह्यांच्या शेती उत्पन्नावर काय परिणाम झाला ते पाहिलं. रेल्वेने व्यापाराचा खर्च घटवला आणि उत्पन्न वाढवलं, असा निष्कर्ष. तपासणी म्हणून त्यांनी कागदावर आखलेले पण कधीच न बांधलेले मार्ग घेतले. तिथे तसा परिणाम दिसला नाही. याला म्हणतात कंट्रोल! पण लक्षात घ्या, हे उत्तर 'रेल्वे हवी होती का' याचं आहे. 'ती कुणी आणि कोणत्या अटींवर बांधायला हवी होती' हा प्रश्न वेगळा. आमच्या वादात हे दोन प्रश्न एकमेकांत पार गुंतले होते.

अ‍ॅकवर्थ समिती आणि शकुंतला

पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेची अवस्था बिकट झाली आणि १९२०-२१ मध्ये विल्यम अ‍ॅकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. लंडनमध्ये बसून हिंदुस्थानातली रेल्वे चालवणं थांबवावं, यावर समितीचं एकमत झालं. पुढे मात्र ती बरोबर दोन भागांत फुटली. अर्धे म्हणाले सरकारने थेट चालवावी, अर्धे म्हणाले हिंदुस्थानातच नोंदलेल्या कंपनीने चालवावी. विशेष म्हणजे अ‍ॅकवर्थ इंग्लंडात सरकारी रेल्वेचे टीकाकार म्हणून ओळखले जात, पण इथे श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्यासोबत ते सरकारी व्यवस्थेच्या बाजूने उभे राहिले. तत्त्व तेच ठेवून परिस्थिती वेगळी म्हणून निष्कर्ष बदलणारा अभ्यासक मला आवडतो. १९२५ मध्ये ईस्ट इंडियन आणि जीआयपी या दोन्ही रेल्वे सरकारने थेट चालवायला घेतल्या. पुढे १९५१ मध्ये जीआयपी आणि इतर काही रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली.

आता वऱ्हाडातल्या वाचकांसाठी शेवटचं उदाहरण. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपली शकुंतला. वऱ्हाडातल्या कापसासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली नॅरोगेज. १९५१ मध्ये सगळ्या रेल्वेंची फेररचना झाली तेव्हाही हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी भारतीय रेल्वेची, गार्ड-ड्रायव्हर भारतीय रेल्वेचे, रूळ मात्र कंपनीचे आणि कमाईतला वाटा करारानुसार कंपनीला. जीआयपीचं १९०० नंतरचं चित्र बरोबर उलटं करा, म्हणजे शकुंतला. तिथे मालक सरकार आणि चालवणारी कंपनी, इथे मालक कंपनी आणि चालवणारं सरकार. वाफेचं इंजिन १९९० च्या दशकापर्यंत धावलं, आता गाडी बंद आहे आणि ब्रॉडगेजची मागणी जुनी होत चालली आहे. मालकी एकाची आणि कारभार दुसऱ्याचा असला की रुळांवर नवा पैसा कुणी घालायचा, हा प्रश्न कसा लोंबकळतो ते यवतमाळकरांना विचारा.

तुमच्या प्रपोजलसाठी

'सरकारी विरुद्ध खासगी' असा विषय घेणारे दरवर्षी भेटतात. दवाखाने, शाळा, वीज, पाणी, बस, बियाणं, काहीही असो. विषय चांगला आहे. फक्त शीर्षक लिहिण्याआधी दोन्ही बाजूंसाठी हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि समोर उत्तरं भरा:

१. जमीन आणि मूळ साधनं कुणाची, आणि ती कशी मिळाली?
२. भांडवल कुणाचं?
३. तोटा झाला तर शेवटी कुणाच्या पदरात पडतो?
४. नफा झाला तर कुणाकडे जातो?
५. रोजचे निर्णय कोण घेतं आणि त्याला जाब कोण विचारू शकतं?

पाचही उत्तरं 'खासगी' अशी येणाऱ्या सेवा कमी सापडतील. पाचही 'सरकारी' येणाऱ्याही कमीच. बहुतेक मधल्या, जीआयपीसारख्या. टोल रोडचा करार, पीपीपी तत्त्वावरचा दवाखाना किंवा अनुदानित कॉलेज या कागदावर बसवून बघा, पाहिजे तर आपलं स्वतःचं कॉलेजही. मग तुमच्या तुलनेत पाचपैकी नेमका कोणता एक प्रश्न बदलतोय आणि बाकीचे चार स्थिर आहेत का, हे तपासा. दोन-तीन एकदम बदलत असतील तर गाईड तुम्हाला कणांचा आकार विचारणार, हे नक्की.

आणि मूळ करार वाचा. बोगार्ट-चौधरींना त्यांचा प्रयोग एका खरेदीच्या कलमात सापडला. कुणाचं भाषण किंवा लेख वाचून तो सापडला नसता. करार कंटाळवाणे असतात, पण कोण किती धोका घेतोय हे तिथेच लिहिलेलं असतं.

परवा चहाच्या वेळी मी हे सगळं त्या दोघांना सांगितलं. मित्र म्हणाला, "म्हणजे खासगी रेल्वे वाईट?" मैत्रीण म्हणाली, "म्हणजे सरकारी चांगली?" मी खिशातून पेन काढलं आणि टिश्यू पेपरवर पाच रकाने आखले. चहा गार झाला, पण या वेळी वाद तिसऱ्या रकान्यावर चालला होता: १८४९ मध्ये तोट्याची जबाबदारी ज्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर टाकली गेली, त्याला कुणी विचारलं होतं का? या प्रश्नाचं उत्तर करारात नाही. पण निदान आता प्रश्न तरी नेमका होता.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत तुमच्या विषयाचे पाच रकाने भरून ठेवा.